तारेवरची बारीक अक्षरं

डेमिंगच्या दक्षिणेला, जिथून मेक्सिकोची सरहद्द
तासाभराच्या आत येते,
डेल्फिना आर्चुलेटा शिडी हलवून बघते,
मग चढते.
अठ्ठावन्न वर्षांची आहे. अजून आधी हलवते, मग चढते.

खाली बर्ल हॉकेट. हातात पांढऱ्या तारेचं भेंडोळं,
गॅरेजमध्ये नऊ वर्षं पडलेलं,
अर्धं अजून प्लास्टिकात.
"तांबं ते तांबंच ना?
वीज काय अंगरखा बघून धावते?"

ती खिशातून वीतभर तुकडा काढते.
तसलीच तार. पांढरी होती कधीतरी,
आता हळकुंडासारखी पिवळी आणि तितकीच कडक.
वाकवते.
कवच फुटतं, फारसा आवाजही न करता,
आणि आतलं तांबं चकचकीत, निर्लज्ज.
"वीज नाही बघत," ती म्हणते. "ऊन बघतं."

मग पत्र्यावर उकिडवं बसून खडूनं हिशेब:
साडेदहा अँपियर. त्याची सव्वापट,
कारण ऊन ठरल्यापेक्षा जास्त देऊन जातं कधीकधी.
आलं त्याची पुन्हा सव्वापट,
कारण दुपार तीन-तीन तास उठत नाही जागची.
जुलैत हवा बेचाळीसवर. नळी छपराला टेकली
तर तिच्या पोटात आणखी तीसेक अंश.
म्हणून नळी चार बोटं उचलायची,
म्हणून तार एक नंबर जाड,
म्हणून नव्वद अंश सोसणारं कवच.
"म्हणून नव्वद डॉलर जास्त," बर्ल म्हणतो.
"ब्याण्णव," ती म्हणते.

नव्या काळ्या तारेवर दोन-दोन फुटांवर
तीच बारीक अक्षरं पुन्हा पुन्हा:
जाडी, व्होल्ट, ओल चालेल,
सूर्यप्रकाश चालेल.
डेल्फिना चष्मा कपाळावर सारून
सबंध रीळ उलगडताना वाचत जाते,
ओठ हलतात.
बर्लला वाटतं, म्हातारी प्रार्थना करतेय.
ती फक्त वाचतेय. एकदा वाचलं नव्हतं.

तो तुकडा कोलंबसचा, तिच्या आईच्या घरावरचा.
सतरा वर्षांपूर्वी, परवान्याच्या परीक्षेला चार महिने होते,
आणि हातात फुकटचं पांढरं रीळ.
दोन उन्हाळे काही झालं नाही.
तिसऱ्यात निवडुंगाचे काटे गोळा करणाऱ्या उंदरानं
पॅनेलखाली संसार मांडला.
भिंत गेली फक्त. माणसं अंगणात होती.

आई आता तिच्याकडेच असते.
रोज संध्याकाळी विचारते,
"कॉफी करपली का गं?"
रोज डेल्फिना उठते, चुलीपाशी जाते,
बंद शेगडी बंद करून येते.

हे ती बर्लला सांगत नाही.
त्याला सांगते, चौकटीच्या ॲल्युमिनियमला
उघडं तांबं टेकू द्यायचं नाही,
दोघं एकमेकांना खातात.
सांगते, प्लास्टिकचे बंद नकोत, स्टीलच्याच चिमट्या.
आणि पेटीत शिरण्याआधी तारेला
खाली एक झोळ द्यायचा,
थेंब तिथवर येतो आणि गळून पडतो,
आत जायचं विसरून.
झोळ मात्र बर्लला आवडतो. तो दोनदा बघतो.

गुरुवारी प्रुडेन्सियो लुसेरो येतो, तपासनीस,
दांड्यावर बसवलेला आरसा घेऊन.
तो आरसा पॅनेलखाली सारतो, बराच वेळ बघतो,
दाताला जीभ लावतो.
"पूर्वेकडे एक चिमटी कमी."
डेल्फिनाचा चेहरा उतरतो, परीक्षेत नापास झाल्यासारखा.
मग ती वर जाते आणि लावते.

बर्लनं पांढरं भेंडोळं परत खिळ्याला अडकवलं आहे.
टाकलेलं नाही.
टाकणार नाही तो, तिला माहीत आहे,
म्हणून जाता जाता ती त्यावर चिकटपट्टी लावते
आणि मार्करनं लिहिते: घरात. फक्त घरात.

वर काळी तार सावलीत पडून आहे.
तिची अक्षरंही उडतील, वीस वर्षांत, पंचवीस.
तोवर सही झालेला कागद पेटीच्या झाकणाआत
आणि पहिली वीज
बर्लच्या स्वयंपाकघरात, घड्याळ पुढे सरकवत.